पाचचा की साडेसातचा?

परभणी सोडून गाडी पूर्णेकडे निघाली की पहिलं स्टेशन लागतं पिंगळी. रुळांच्या दोन्ही अंगांना काळी, भारी जमीन. खरिपात सोयाबीन, कापूस, तूर. पाऊस बरा झाला आणि विहिरीला पाणी राहिलं तर मागून हरभरा नाहीतर ज्वारी. या शिवारातला एक शेतकरी आपण या प्रकरणापुरता सोबत घेऊ. माणूस कल्पनेतला आहे, पण त्याचा पेच घरोघरचा आहे. सहा एकर रान, वीस फूट व्यासाची आणि पन्नास फूट खोल विहीर, आणि कधी दिवसा तर कधी रात्री येणारी लाईट. रात्रीची पाळी आली की हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या धाकात दारं धरायला जायचं. याला तो कंटाळला आहे. त्याला सौर पंप हवाय.

केंद्राची ‘पीएम-कुसुम’ योजना २०१९ पासून होतीच. २०२४ मध्ये राज्यानं ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आणली. किमतीचा दहा टक्के वाटा शेतकऱ्यानं भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत जमीन असेल तर ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्याहून जास्त असेल तर साडेसात एचपीपर्यंतचा पंप. पात्रतेपेक्षा लहान पंप मागायलाही मुभा आहे. आणि पंप पुरवणारी कंपनी शेतकऱ्यानं महावितरणच्या संकेतस्थळावरच्या यादीतून स्वतः निवडायची. या योजनेत मला सगळ्यात नवलाची वाटते ती ही शेवटची गोष्ट. सरकारी योजनेत जे येईल ते पदरात घ्यायची सवय लागलेल्या माणसाला एकदम कंपन्यांच्या लांबलचक यादीपुढे उभं केलं आणि सांगितलं, घे, तूच ठरव.

पारावर मात्र ठरवून झालेलं असतं. “सहा एकर हाय ना? मग साडेसातचाच घे. मिळतोय तर मोठा का सोडायचा?” यावर कुणाचं दुमत नसतं. तरी शेतकऱ्याचा पोरगा मोबाइल काढतो आणि विचारतो: सगळ्यात चांगला सोलर पंप कोणता, पाच एचपी की साडेसात एचपी?

उत्तरं क्षणात येतात. पहिली तीन-चार जाहिराती. मग ‘टॉप टेन’ अशा याद्या. त्या लिहिणाऱ्यानं एकही पंप विहिरीत सोडलेला नसतो हे दोन परिच्छेद वाचले की कळतं. मग हिंदी व्हिडिओ, बहुतेक हरियाणा-राजस्थानातले. सगळ्यात वर हल्ली एक तयार सारांशही दिसतो, त्यात एका राज्याचं अनुदान आणि दुसऱ्या राज्याची पात्रता बेमालूम मिसळलेली असू शकते. तासाभरानं पोराच्या मोबाइलवर बारा-पंधरा पानं उघडी असतात आणि मत तेच असतं: साडेसातचा घेऊ. मीही एकदा घरच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रासाठी तीन रात्री जागून असाच अभ्यास केला होता आणि शेवटी शेजाऱ्यांकडे होतं तेच आणलं. तेव्हा या पोराला हसायचा मला अधिकार नाही.

चूक मोबाइलची नाही. ‘सगळ्यात चांगला’ याला माप नसतं. तोलायला काही दिलंच नाही तर ताजवा रिकामाच झुलणार. विचारायचं काय ते ठरवण्यासाठी आधी मोबाइल खिशात घालून विहिरीवर जावं लागतं. इंटरनेटवरच्या संशोधनाबद्दलच्या प्रकरणात हे विचित्र वाटेल, पण तांत्रिक निर्णयातला निम्मा अभ्यास आपल्या रानातच पडलेला असतो आणि तो कुठल्याही संकेतस्थळावर चढवलेला नसतो.

विहिरीवर न्यायचं सामान थोडं आहे: गाठी मारलेली दोरी, घड्याळ, वही आणि गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी.

पहिलं माप पाण्याच्या पातळीचं. जुनी माणसं विहीर परसात मोजत. आपण फुटांत मोजू. मात्र पातळी कधी मोजायची हे महत्त्वाचं. दसऱ्याला विहीर तुडुंब असते, तो आकडा कामाचा नाही. रब्बीच्या शेवटच्या पाण्याला, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मोटार दोन तास चालून झाल्यावर पाणी कुठं उतरतं ते बघायचं. आणखी एक मेख आहे. जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यातून जातो. कालव्याला आवर्तन सुटलं की लाभक्षेत्रातल्या विहिरी चढतात. आपली विहीर त्या पट्ट्यात असेल तर आवर्तनाच्या दिवसातलं माप फसवं. आपल्या शेतकऱ्याची पातळी मोटार चालू असताना काठापासून ४५ फुटांवर जाते असं धरू. म्हणजे जवळपास १४ मीटर.

दुसरं माप आवकेचं, म्हणजे झरे तासाला किती पाणी देतात त्याचं. मराठवाड्याच्या पोटात बेसाल्टचा काळा कातळ आहे. त्यात पाणी साठतं ते मुरमाड झिजलेल्या थरात, भेगांमध्ये आणि जाळीदार खडकात. म्हणून एका बांधावरची विहीर भरलेली आणि शेजारची कोरडी, हे आपण रोज बघतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. ती माहिती गावाचा कल समजायला उत्तम, पण आपल्या विहिरीची आवक तीत नसते. ती काढायची रीत सोपी. विहीर उपसायची, मोटार बंद करायची आणि तासाभरात पाणी किती चढलं ते दोरीनं बघायचं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी चढलं म्हणजे ३१४ घनफूट, सुमारे ८,९०० लिटर आलं. विहीर भरत जाते तशी आवक मंदावते, म्हणून चोवीसऐवजी बाराच तास धरले तर दिवसाला एक लाखाच्या थोडं वर लिटर हाती येतात.

आता पिकाकडे बघू. एका एकरावर ५ मिलिमीटर पाणी म्हणजे २० हजार लिटर. दिवसाला तेवढी गरज धरली तर विहिरीचं एक लाख लिटर पाणी पाच एकरांना पुरतं. सूर्य पंपाला नीट चालवतो असे दिवसातले तास सहा धरू. सहा तासांत एक लाख लिटर म्हणजे सेकंदाला साडेचार-पाच लिटर. पाच लिटर धरून चालू.

इथं पारावरचं एकमत डळमळायला लागतं. साडेसातची मोटार या खोलीवरून सेकंदाला आठ-दहा लिटर पाणी सहज उपसेल. पण झऱ्यांना मोटारीचा एचपी कळत नाही. दुपारी बारालाच विहीर तळ दाखवेल, कंट्रोलर कोरडी मोटार ओळखून ती बंद करेल आणि वरचं ऊन पॅनेलवर नुसतं तापत राहील.

तिसरं माप चढाचं. विहिरीपासून रानाचा सगळ्यात उंच कोपरा किती वर आहे? गूगल अर्थवर उंचीचे आकडे दिसतात, पण दहा फुटांच्या चढासाठी ते भरवशाचे नाहीत. चूक त्याहून मोठी असू शकते. उपग्रहाला जे जमत नाही ते गवंड्याची नळी करते. नळीची दोन टोकं, दोन काठ्या, टप्प्याटप्प्यानं पुढं जायचं आणि फरक वहीत मांडायचा. आपल्या रानाचा चढ आला १० फूट, म्हणजे ३ मीटर.

चौथी गोष्ट पाईप, आणि या सबंध हिशेबात मला सगळ्यात गमतीची वाटते ती हीच. विहिरीपासून कोपऱ्यापर्यंत ६०० फूट पाईप आहे. पाणी पाईपातून पळताना भिंतींना घासतं आणि ताकद खातं. पंपाच्या भाषेत ही घसटही उंचीसारखीच मोजतात. ६३ मिलिमीटरच्या पाईपातून, ज्याला आपण दोन इंची म्हणतो, सेकंदाला पाच लिटर पाणी ६०० फूट न्यायचं तर घसटीपोटी सुमारे ११ मीटर उंची वाया जाते. ७५ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच इंची पाईप घेतला तर तीच घसट साडेचार मीटरवर येते. अर्ध्या इंचाचा फरक, घसट निम्म्याहून कमी.

आता बेरीज. दोन इंची पाईप असेल तर १४ अधिक ३ अधिक ११, म्हणजे २८ मीटर. अडीच इंची असेल तर २१-२२ मीटर. पाणी उचलायची ही जी एकूण उंची, तिलाच पंपवाले ‘टोटल हेड’ म्हणतात. सेकंदाला किती लिटर, त्याला मीटरनं गुणायचं, त्याला ९.८ नं गुणायचं, की पाण्याला लागणारी ताकद वॅटमध्ये निघते. मोटार आणि पंप मिळून निम्मी ताकद खातात असं ढोबळ मानानं धरलं, की २८ मीटरला २,८०० वॅटच्या आसपास वीज लागते आणि २१-२२ मीटरला २,१०० वॅटच्या आसपास.

दुसऱ्या बाजूला पॅनेल. योजनांच्या निकषांत ३ एचपीला साधारण ३,००० वॅटचं आणि ५ एचपीला ४,८०० वॅटचं पॅनेल असतं. पण पॅनेलच्या पाठीवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला. तिथं पॅनेलचं तापमान २५ अंश ठेवतात. परभणीत मार्च-एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६० अंशांच्या वर जातं, आणि २५ च्या पुढच्या प्रत्येक अंशाला वीज साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्यानं घटते. म्हणजे उन्हापायीच तेरा-चौदा टक्के गेले. ऊन जास्त तेवढी वीज जास्त, हा समज इथं गळून पडतो. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नाही. वरून धुळीचा थर. तीन हजारांचं पॅनेल खऱ्या दुपारी २,४०० वॅटच्या आसपास देईल, ४,८०० चं ३,८०० ते ४,०००.

म्हणजे काय झालं ते बघा. दोन इंची पाईप असेल तर ३ एचपी कमी पडतो, ५ एचपी लागतो. अडीच इंची पाईप टाकला तर मध्यान्हीला ३ एचपीसुद्धा काम भागवतो, आणि सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हातही पाणी हवं म्हणून ५ घेतला तर तो आरामात चालतो. साडेसात कुठंच बसत नाही. पारावरचा वाद पाच की साडेसात असा होता आणि उत्तर निघालं पाईपात. असं पुष्कळदा होतं. पर्याय म्हणून आपल्यापुढे जे दोन ठेवलेले असतात, त्यांच्या बाहेरच खरी निवड लपलेली असते.

आता मोबाइल काढायला हरकत नाही. विचारायचा प्रश्नही बदलला आहे: टोटल हेड २५ मीटर, सेकंदाला पाच लिटर, विहिरीसाठी पाणबुडी पंप. हा प्रश्न इंग्रजीतही टाकून बघायचा, कारण तांत्रिक तक्ते बहुतेक इंग्रजीत असतात. मराठीत शोधलं की योजनेच्या बातम्या मिळतात, हिंदीत शोधलं की व्हिडिओ. तिन्हीचा उपयोग वेगळा. शोधाच्या चौकटीत शेवटी ‘पीडीएफ’ एवढा शब्द जोडला तरी जाहिराती मागे पडतात आणि कंपन्यांची माहितीपत्रकं, मंत्रालयाचे निकष वर येतात. एखाद्याच संकेतस्थळाच्या पोटात शोधायचं असेल तर इंग्रजीत ‘साइट’, पुढे अपूर्णविराम आणि मग त्या जागेचा पत्ता लिहायचा.

माहितीपत्रकात शोधायचा तो पंपाचा आलेख. आडव्या रेषेवर पाणी, उभ्या रेषेवर हेड, आणि उजवीकडे उतरत जाणारी वक्ररेषा. आपल्या २२ ते २८ मीटरवरून आडवी रेघ मारायची, ती वक्ररेषेला कुठं छेदते ते बघायचं, तिथून खाली उतरायचं. हा पंप आपल्या रानात किती पाणी देईल ते तिथं लिहिलेलं असतं. छेद रेषेच्या मधल्या भागात आला तर पंप आपल्या जोगा. अगदी टोकाला आला तर तो दुसऱ्या कुणाच्या विहिरीसाठी बनवलेला आहे. एकाच एचपीत ३०, ५०, ७०, १०० मीटर अशा वेगवेगळ्या हेडचे पंप निघतात. बोअरवाल्या शेजाऱ्याचा १०० मीटर हेडचा पाच एचपी उघड्या विहिरीवर आणून बसवला तर दोघांच्याही वहीत ‘५ एचपी’ असंच लिहिलेलं असेल आणि पाणी मात्र सारखं पडणार नाही. आणि हेड फुटांत दिलंय की मीटरात, हे दरवेळी बघायचं. तीस फूट आणि तीस मीटर यांत तिपटीहून जास्त अंतर आहे. ज्या पानावर एककच दिलेलं नाही, ते पान मी तिथंच बंद करतो.

जमिनीवर ठेवायची मोटार का नको, असंही कुणी विचारेल. ती स्वस्त, दुरुस्तीला सोपी. पण वरची मोटार पाणी ओढते म्हणजे खरं तर हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि त्या दाबाची पोच कागदावर दहा मीटर, प्रत्यक्षात सात-आठ. आपलं पाणी १४ मीटर खाली. हा पर्याय बाजारभावावर नाही, निसर्गनियमावर बाद होतो, आणि असे पर्याय आधी काढून टाकले की पुढचा अभ्यास निम्म्यावर येतो.

पुढचा प्रश्न विश्वासाचा. पान दिसायला नीटनेटकं आहे, शेतकऱ्याचा फोटो आहे, योजनेचं नाव आहे. खरं मानावं का? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यवसायानं बातम्यांची सत्यता तपासणारे लोक यांना अनोळखी संकेतस्थळं दाखवली. प्राध्यापक आणि विद्यार्थी पान वरून खाली मन लावून वाचत राहिले आणि त्यातले बरेच फसले. तपासनीस पान जवळपास वाचतच नव्हते. ते लगेच बाहेर पडत, नवीन पान उघडून ‘हे लोक कोण आहेत’ याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघत, आणि मग वाटलं तर परत येत. सोयरीक जमवतानाची आपली रीत याहून वेगळी नाही. स्थळाची चौकशी त्याच घरात बसून, त्यांचाच चहा पीत कुणी करत नाही. दोन गावं पलीकडच्या पाहुण्याला विचारतात.

कुसुम योजनेच्या नावानं नोंदणी शुल्क मागणारी बनावट संकेतस्थळं निघाल्याचा इशारा केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं वेळोवेळी दिला आहे. त्यावर एक सोपा उपाय सगळीकडे सांगतात: पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का बघा. उपाय चांगला, पण पुरेसा नाही. महावितरण ही कंपनी आहे, तिचा पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट इन’ असा आहे. नियम डोळे मिटून लावला तर खरं संकेतस्थळच खोटं ठरेल. उलट बनावट पत्त्यांत ‘पीएम’, ‘किसान’, ‘योजना’, ‘ऑनलाइन’ असे गोड शब्द ठासून भरलेले असतात. म्हणून पत्ता जाहिरातीतून किंवा व्हॉट्सअपवरून घ्यायचा नाही. वीजबिलावर महावितरणचा पत्ता छापलेला असतो, तो हातानं टाकायचा. पंपावर आयएस ८०३४ हे पाणबुडी पंपांचं भारतीय मानक असल्याचं लिहिलं असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकून तो कोणत्या कंपनीचा आहे ते घरबसल्या बघता येतं. पॅनेलसाठी मंत्रालयाची मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी आहे. ही दोन्ही कामं दहा मिनिटांची आहेत, आणि टॉप टेनच्या दहा पानांपेक्षा मोलाची.

तारीख बघायची सवय फार थोड्यांना असते. परभणीकरांना जवळचं उदाहरण देतो. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी इथल्याच कृषी विद्यापीठानं १९८५ मध्ये दिली. ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचा एका रानभेंडीशी संकर करून ती तयार झाली होती, आणि पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला ती दाद देत नव्हती. भेंडी लावणाऱ्यांसाठी ते केवढं मोठं काम होतं. पण विषाणू आणि त्याला वाहून नेणारी पांढरी माशी स्वस्थ बसत नाहीत. पुढे वाणाची ती ताकद ओसरली. आजही शोध घेतला तर ‘केवडा प्रतिकारक’ म्हणून तिचं वर्णन करणारी पानं मिळतील. ती खोटी नाहीत, जुनी आहेत. सौर पंपाच्या योजनेत तर दर, अनुदान, याद्या याहून फार लवकर बदलतात. पानावर तारीख नसेल तर त्यातला आकडा वहीत पेन्सिलीनं लिहावा.

व्हिडिओबद्दल थोडं, कारण गावात अभ्यास म्हणजे बहुतेक व्हिडिओच. पाण्याची मनगटाएवढी धार उडतेय, मालक हसतोय, पाठीमागं पॅनेल चमकतायत. व्हिडिओ टाकाऊ नसतो, पण तो बघायची नजर वेगळी लागते. पाईपाचं तोंड कुठं आहे? विहिरीच्या काठावरच असेल तर ना चढ, ना घसट. धार जाड दिसणारच. आजूबाजूचं रान हिरवंगार, म्हणजे विहीर भरलेली. सावल्या पायाशी, म्हणजे दुपारचे बारा. जमीन सपाट, वाळूमिश्रित, म्हणजे उत्तरेतला गाळाचा प्रदेश. तिथलं भूजल आपल्या कातळातल्या भूजलासारखं वागत नाही. मला स्वतःला बसवतानाच्या व्हिडिओपेक्षा दोन वर्षांनंतरच्या तक्रारीचा व्हिडिओ पुष्कळ शिकवतो. नीट बघितलं की दिसतं, पंप जळाल्याच्या तक्रारी कमी असतात. कंट्रोलर बंद पडला आणि माणूस आला नाही, या जास्त.

यावरून एसी मोटार की डीसी मोटार, हा आणखी एक प्रश्न निघतो. कागदावर डीसी सरस, तेवढ्याच उन्हात थोडं जास्त पाणी देते. पण एसी मोटार जळाली तर परभणीच्या बाजारात मोटार भरून देणारा सापडतो. डीसीचा कंट्रोलर बिघडला की त्या कंपनीची वाट बघावी लागते. योजनेत पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे, म्हणून पहिली पाच वर्षं हा फरक कदाचित जाणवणार नाही. सहाव्या वर्षाचा विचार करणाऱ्यानं मात्र बाजारात चक्कर मारून मोटार भरणाऱ्याला विचारावं, तुझ्याकडे दुरुस्तीला काय येतं आणि काय परत जातं? हा माणूस संकेतस्थळावर नसतो, पण यादीतल्या कितीतरी कंपन्यांचा खरा इतिहास त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात गुंडाळ्या होऊन पडलेला असतो.

शेवटी यादीत तीन-चार नावं उरतात. त्यांच्यात निवड कशी करायची? बेंजामिन फ्रँकलिननं सप्टेंबर १७७२ मध्ये आपला मित्र, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याला पत्रातून एक युक्ती कळवली होती. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस आठवेल तसं लिहीत जायचं. मग वजन सारखं वाटेल ते दोन्हीकडून खोडायचं. इकडच्या एकाला तिकडचे दोन भारी असतील तर तिन्ही खोडायचे. उरेल ते उत्तर. यातला ‘तीन-चार दिवस’ हा भाग लोक विसरतात. एका बैठकीत केलेल्या तक्त्यात त्या दिवशी बघितलेल्या व्हिडिओचंच वजन जास्त भरतं.

आपल्या शेतकऱ्याच्या वहीत बाजू अशा पडल्या. पहिल्या कंपनीचा आलेख सगळ्यात जुळणारा, पण तालुक्यात तिचा माणूस नाही. दुसरीचं पाणी थोडं कमी, पण शेजारच्या दोन गावांत तिचे पंप दोन उन्हाळे चाललेले, आणि तक्रार केल्यावर माणूस चार दिवसांत आला असं दोघांनीही वेगवेगळं सांगितलेलं. तिसरीचं माहितीपत्रकच सापडलं नाही. सापडलं नाही हीसुद्धा माहितीच आहे, ती प्रतिकूल बाजूला लिहायची. पोराचा कौल पहिलीला होता. बापाचं म्हणणं, “धार जरा बारीक चालंल, पण मार्चात बंद पडून चालायचं नाही.” पाच-सात टक्के पाण्याला एका हंगामाचं वजन भारी पडलं आणि दोन्ही बाजूंचं खोडून झाल्यावर दुसरी उरली. पाच एचपी, कमी हेडचा पाणबुडी, एसी मोटार. सरकारी वाट्याबाहेरचा एकच जादा खर्च त्यानं मान्य केला: ६०० फूट अडीच इंची पाईप.

पंप बसला त्या दिवशी कंपनीच्या माणसानं विहिरीच्या काठावर धार काढून दाखवली, फोटो घेतला, सही घेतली. धार छान होती. शेतकऱ्यानं मात्र २०० लिटरचा निळा ड्रम रानाच्या उंच कोपऱ्यात नेऊन ठेवला. सेकंदाला पाच लिटर म्हणजे ड्रम ४० सेकंदांत भरायला हवा. महिना डिसेंबरचा होता, विहीर निम्मी भरलेली. ड्रम ३६ सेकंदांत भरला. वहीत त्यानं तारीख, वेळ आणि पाण्याची पातळी लिहिली, आणि खाली मार्चसाठी एक ओळ मोकळी सोडली.